राणीचं कोड आणि दगडाचे पहारेकरी

एका राज्यात वेशीवर दगडाचे तीन पहारेकरी होते, आणि ते जागे असत. ऊन असो, थंडी असो, दगडी भाले घेऊन उभे. आपला माणूस आला की भाले उभे, परका आला की आडवे. राजाच्या आजोबांनी ते एका चेटकिणीकडून मागून आणले होते, कारण तेव्हा राज्यात चोरांचा सुळसुळाट झाला होता. चोर गेले, पहारा राहिला. एकदा बसवलेला पहारा उठवायचं कुणाला सुचत नाही, हे तुम्हा-आम्हाला ठाऊकच आहे.

एके वर्षी काय झालं, एका गुराख्याची बायको सरपणाचा भारा घेऊन रानातून परत आली. तिच्या हातांवर, गळ्यावर कोड उठलं होतं, पांढरे पांढरे डाग. रोजची येणारी-जाणारी बाई, पण पहारेकऱ्यांना ती ओळखू येईना. भाले आडवे झाले. आता शहाण्या माणसानं काय म्हणावं? पहारेकरी चुकले, दगडाला अक्कल ती कितीशी असणार. पण त्या राज्यातले लोक म्हणाले, पहारेकरी चुकत नसतात, तेव्हा बाईनंच काहीतरी केलं असणार. कुणी म्हणालं, दुधाबरोबर मासे खाल्ले. कुणी म्हणालं, मागच्या जन्मी सोनं चोरलं. कुणी म्हणालं, लांब उभे राहा, आपल्यालाही होईल. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि वर संन्याशाचंच नाव वाईट.

तेव्हापासून रीत पडली. ज्याच्या अंगावर कोड उठेल त्यानं वेशीबाहेर जायचं, आणि घरातल्या सगळ्यात धाकट्या मुलानं उंबऱ्यावर मडकं फोडायचं. मडकं फुटलं की माणूस मेलं. घरच्यांनी आंघोळ करायची आणि पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही.

त्या राज्याचा राजा वज्रसेन आणि त्याची राणी हेमकळा. राजाचा राणीवर जीव होता, हे काही खोटं नाही. त्यांना एकुलती एक मुलगी, केशर, अजून बोबडं बोलणारी. राणी स्वतः तिला न्हाऊ घाली, स्वतः भरवी, दासींना हात लावू देत नसे.

एक दिवस राणीच्या ओठाच्या कडेला डाग उठला, तिळाएवढा. मग बोटांच्या टोकांना उठले. राणी सकाळी उठून आधी आरसा बघू लागली. हळद लावून पाहिली, मेंदी लावून पाहिली, पदर ओठाशी धरून बोलू लागली. दासी म्हणाल्या, राणीसाहेब हल्ली नव्या नवरीसारख्या लाजतात. त्यांना काय माहीत, बिचारीचा जीव टांगणीला लागला होता. डाग वाढतच राहिले, ते काही राणी म्हणून भीड धरतात थोडेच.

चैत्रात राजा-राणी देवीच्या दर्शनाला वेशीबाहेर गेली. परतताना राजाची पालखी आत गेली आणि राणीच्या पालखीपुढे भाले आडवे झाले. राणी खाली उतरून उभी राहिली. तिला वाटलं, आता हे बोलतील. राजा बोले, दळ हाले. एक शब्द पुरला असता. राजानं पडदा सारून तिच्याकडे पाहिलं, मग मान खाली घातली. पडदा पडला आणि पालखी पुढे गेली.

संध्याकाळी राजवाड्याच्या उंबऱ्यावर मडकं आणलं गेलं. राजवाडा वेशीला लागूनच होता, त्यामुळे खंदकापलीकडून राणीला सगळं दिसत होतं. केशरनं दोन्ही हातांनी मडकं उचलून आपटलं, खळ्ळकन आवाज झाला, आणि पोर टाळ्या वाजवून हसली. तिला तो खेळच वाटला. हेमकळा तिथंच मातीत बसली आणि ऊर फुटेस्तोवर रडली. तिच्याजवळ कुणी गेलं नाही.

वेशीपलीकडे ओढ्याकाठी एक वाडी होती, कोडाची माणसं राहायची ती. राणी तिथं गेली. रीतीप्रमाणे तिथले सगळे मेलेले, पण त्यांना भूक लागायची, त्यांची भांडणं व्हायची, आणि गुराख्याची बायको तर आता म्हातारी होऊन सगळ्यांवर डाफरत असायची. एकीच्या अंगावर मात्र डाग नव्हता. कोड उठलेल्या सोनाराच्या मागोमाग त्याची बायको आपणहून वेशीबाहेर आली होती. ती त्याच्याच ताटात जेवे, त्याच्याच अंथरुणावर निजे, आणि इतक्या वर्षांत तिच्या नखालाही काही झालं नव्हतं. राजवाड्यातल्या पंडितांनी एकदा येऊन पाहिलं असतं तर बरं झालं असतं, पण त्यांना सोवळं मोडायची भीती.

राणीच्या झोपडीमागे एका झुडपात शिंपी पक्षी राहत असे. हाच तो, चोचीनं पानाला पान शिवून घरटं करणारा, मुठीत मावेल एवढा. तो बोलत असे, पण कामापुरतं. वेशीवरून उडून जाई आणि केशरची बातमी आणी. केशर चालताना पडली. केशर गोवरानं आजारी पडली आणि बरी झाली. केशरचे केस कमरेपर्यंत आले. राणी ऐके, आणि मग पुन्हा सांग म्हणे. असं एक तप गेलं.

मार्गशीर्षात शिंपी म्हणाला, "राणी, केशरचं लग्न ठरलं. वैशाखात हळद आहे."

राणीच्या हातातलं सूप खाली पडलं. त्या राज्यात मुलीला पहिली हळद आई लावी. आई मेलेली असेल तर वरवंट्याला साडी नेसवत, आई म्हणून पाटावर मांडत, आणि मुलगी त्याच्यापुढे गाल धरी.

राणी म्हणाली, "मी जिवंत असताना माझ्या मुलीनं दगडापुढे गाल धरायचा?"

राणी उठली, पदर खोचला आणि रानात निघाली. पहारेकरी बनवणारी चेटकीण निळंबा अजून जिवंत आहे, असं तिनं ऐकलं होतं. माझा रंग परत दे, एवढंच तिला मागायचं होतं. रंग आला की वेशीतून आत, आणि आत गेलं की मुलगी. इतका सरळ हिशेब तिनं मांडला.

निळंबा चुनखडीच्या गुहेत राहत होती, इतकी म्हातारी की तिच्या सावलीलाही सुरकुत्या पडल्या होत्या. तिनं राणीचे हात उजेडात धरून नीट पाहिले.

"कुणाचा शाप हा?" राणीनं विचारलं.

"शाप नाही. पाप नाही. दूध आणि मासेही नाहीत," निळंबा म्हणाली. "माणसाच्या कातडीत बारीक रंगारी बसलेले असतात. ते रंग कालवतात, तो अंगावर दिसतो. आणि रक्तात पहारेकरी हिंडतात, रोगाला अडवायला. तुझे पहारेकरी चुकले. आपल्याच रंगाऱ्यांना चोर समजून मारत सुटले. आपलेच दात, आपलेच ओठ."

"का चुकले?"

"कधी घराण्यात असतं. कधी ओरखडा निमित्त होतो, कधी मोठा घोर. पुष्कळदा कळतच नाही. तुझी काही चूक नाही, एवढं मात्र कळतं."

राणीनं तोंड फिरवलं. इतक्या वर्षांत हे वाक्य तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला रडू आवरेना, आणि निळंबानं ते आवर असं म्हटलंही नाही.

"रंग येईल?"

"येईल तिथं येईल. तोंडावर लवकर, बोटांवर आणि ओठांवर रुसून बसेल. आलेला पुन्हा जाऊही शकतो. मी चेटकीण आहे, खोटारडी नाही. तीन कामं आहेत. आधी आतल्या पहारेकऱ्यांना शांत कर, त्याला निजऱ्या झाडाचा चीक लागतो. मग उरलेल्या रंगाऱ्यांना उठव, त्याला बावचीचं बी आणि ऊन लागतं. आणि जिथं एकही रंगारी उरला नाही, तिथं दुसऱ्या जागचं रोप लाव. ते काम शिंप्याचं."

निजरं झाड सात डोंगरांपलीकडे होतं आणि त्याच्याखाली वाघही पाय पसरून घोरत पडत. झाडानं विचारलं, "राग कुणावर आहे?"

"राजावर."

"तो सोड, मग चीक देतो."

राणी झाडाखाली बसली. पौष सरत आला तरी बसलेलीच. शेवटी झाडानं पुन्हा विचारलं. राणी म्हणाली, "थोडा गेला. बाकीचा जात नाही, आणि खोटं मी सांगणार नाही."

"मग थोडा चीक घे," झाड म्हणालं, आणि सालीतून चार थेंब गाळले.

बावचीचं बी शापित खजिन्याच्या गुहेत होतं. तिथं सोन्याच्या राशी, राशींवर जुनाट नाग, आणि कोपऱ्यात मातीच्या गाडग्यात काळं बारीक बी. गाडग्याशेजारी सोन्याच्या तारेनं विणलेली एक चोळी ठेवली होती. नाग म्हणाला, "ही घातलीस तर या क्षणी सगळं अंग एका रंगाचं होईल. डाग शोधून सापडणार नाही."

राणीचा हात पुढे गेला. अहो, कुणाचा गेला नसता? वैशाख जवळ येत चाललेला, आणि समोर चोळी.

"आणि शाप काय?" तिनं विचारलं.

"तुझी मुलगी तुला ओळखणार नाही. कधीच."

राणीनं हात मागे घेतला, गाडग्यातलं मूठभर बी ओटीत घेतलं आणि सोन्यावर पाय न देता बाहेर आली. बाहेर येऊन मात्र ती बराच वेळ दगडाला टेकून उभी होती. तशीही केशर तिला ओळखणार होती कशावरून? बोबडं बोलणाऱ्या पोरीला आईचा चेहरा कितीसा आठवतो?

तिसरं काम घरामागच्या झुडपात. शिंपी म्हणाला, "मांडीवरची चांगली कातडी तिळातिळानं उचलीन आणि डागावर लावीन. रोप धरलं की रंग पसरतो. पण डाग वर्षभर जागचा हलता कामा नये. तुझ्या मनगटावरचा गेल्या पावसाळ्यात वाढला. आत्ता लावलं तर रोपही पांढरं पडेल."

"वैशाखात हळद आहे."

"ठाऊक आहे. मीच सांगितलं."

उरलं दुसरं काम. निळंबानं बजावलं होतं, बी वाटून लेप लाव, आणि पहिल्या दिवशी दूध उतू जायला लागतं तेवढाच वेळ कोवळ्या उन्हात बस. मग चिमटी-चिमटीनं वाढव. महिने लागतील, घाई करू नकोस. राणीनं फाल्गुनभर तसंच केलं, वर चीकही लावला. आणि एका सकाळी ओढ्याच्या पाण्यात तिला दिसलं, गालावरच्या पांढऱ्या डागात, लवेच्या मुळाशी, मोहरीएवढे तपकिरी ठिपके उगवले होते. ती हसली. वाडीतल्या सगळ्यांना तिनं गाल दाखवला, आणि म्हाताऱ्या गुराखिणीनं सुद्धा त्या दिवशी कुणाला शिवी दिली नाही.

पण ठिपके मोहरीएवढे आणि चैत्र निम्मा सरलेला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात. इथं तर उतावळी आई होती. तिनं लेप दुप्पट लावला आणि भर दुपारी, डोक्यावर पदर न घेता, सूर्याकडे तोंड करून उभी राहिली. अंग जळायला लागलं तरी हलली नाही. संध्याकाळपर्यंत गालांवर, हातांवर मोठे मोठे फोड आले. फोड फुटले, कातडी सोलली, आणि उगवलेले पुष्कळ ठिपके त्याच्याबरोबर गेले.

निळंबा काठी टेकत आली. ओल्या फडक्यानं तिनं राणीचे गाल टिपले. ती रागावली नाही, त्यामुळे राणीला जास्तच वाईट वाटलं.

"रंग येईल परत," निळंबा म्हणाली. "पण हळदीच्या आधी नाही."

राणी म्हणाली, "मग सगळं संपलं. ते दगड मला आत सोडणार नाहीत."

"ते दगड माझे आहेत," निळंबा म्हणाली. "गादीवर बसलेल्यानं त्यांच्यासमोर उभं राहून 'पहारा चुकला' म्हटलं, की पहारा उठतो. तीन पिढ्या झाल्या, कुणी म्हटलं नाही."

राणी उठून बसली. "मग तू हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू रंग मागितलास. वेस मागितली नाहीस."

हळदीच्या सकाळी राणी वेशीकडे निघाली. तोंड झाकलं नाही. गाल भाजलेले, ओठ पांढरा, बोटं पांढरी, अंगावर वाडीतलं जाडंभरडं लुगडं. तिच्यामागून वाडीतली माणसंही निघाली, तिनं बोलावलं नसताना. वेशीशी पोचली तसे भाले आडवे झाले. आत सनईचे सूर थांबले. शिंपी उडत राजवाड्यात गेला, केशरच्या पाटासमोर साडी नेसवलेल्या वरवंट्यावर बसला आणि म्हणाला, "ही तुझी आई नाही. तुझी आई वेशीबाहेर उभी आहे."

थोड्या वेळानं राजा वेशीवर आला. म्हातारा झाला होता. त्याच्यामागून केशर आली, हातात हळदीची वाटी तशीच होती. उंच, सावळी, पाठीवर वेणी. राणीनं तिला पाहिलं आणि मनात म्हटलं, ही माझ्याहून उंच झाली की.

राजा म्हणाला, "हेमकळे, इथं का आलीस?"

"राज्य नको, राणीपण नको. मुलीला हळद लावते आणि जाते."

"आजोबांनी बसवलेला पहारा आहे. तो कसा मोडू? उद्या लोक काय म्हणतील?"

"लोकांचं मला माहीत नाही. तुम्ही काय म्हणता?"

राजानं मान खाली घातली, पालखीत घातली होती तशीच. हेमकळेला कळलं, झाडाखाली गेलेला राग सगळा परत आला होता.

केशरनं विचारलं, "बाबा, मला सांगितलं होतंत, आई वारली."

"रीतीप्रमाणे वारलीच."

"मडकं कुणी फोडलं होतं?"

राजाची नजर तिच्या हातांवर गेली.

"मी ना?" केशर म्हणाली. "मला आवाज आठवतो. मी टाळ्या वाजवल्या होत्या."

ती भाल्यांखालून वाकली आणि बाहेर आली. राजा म्हणाला, "केशर, मागे फीर." तिनं ऐकलं नाही. हेमकळेपुढे ती मातीत गुडघ्यांवर बसली, वाटी तिच्या हातात दिली आणि गाल वर केला.

"लावा," ती म्हणाली. "बाहेर लागली तर मी बाहेरची. मग माझंही मडकं फोडा, म्हणावं."

हेमकळेनं हळद बोटांना घेतली, पण मुलीच्या गालाला लावेना. ही बोटं लागली तर पोरीची वेस बंद होईल, हे तिला दिसत होतं. जिच्यासाठी इतकं केलं, तिलाच बाहेर ओढायचं? तिनं वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "नको बाळ. तू आत जा. मी तुला पाहिलं, मला पुरलं."

हे मात्र राजाला सहन झालं नाही. देवाला ठाऊक इतकी वर्षं काय अडलं होतं त्याच्या घशात, पण ते सुटलं. तो पहारेकऱ्यांपुढे आला, मुकुट काढून हातात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पहारा चुकला. पहिल्या दिवसापासून चुकला. आणि मी पाहत राहिलो."

भाले खाली पडले. पहारेकऱ्यांचे डोळे मिटले. आधीही दगडच होते, आता नुसते दगड झाले.

हेमकळेनं वेशीच्या आत येऊन मुलीला पहिली हळद लावली. पिवळ्या हळदीत तिची बोटं कुठली पांढरी आणि कुठली सावळी, ते त्या वेळी कुणी पाहिलं नाही. नवरदेवाच्या आईनं थोडं नाक मुरडलं, पण नवरदेव पुढे होऊन हेमकळेच्या पाया पडला, आणि विषय मिटला. वाडीतली माणसं आपापल्या घरी गेली. काहींची दारं उघडली. काहींच्या दारात ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. म्हातारी गुराखीण आपल्या घराच्या ओट्यावर बसून राहिली. तिचा नवरा आदल्या वर्षी गेला होता, आणि घरात दुसरीच माणसं राहत होती. त्यांनी तिला पाणी दिलं. पण पाण्यानं काय होतं?

पुढचं आत्ताच सांगून टाकायला हवं, नाहीतर तुम्ही विचाराल. राजानं क्षमा मागितली, तेव्हा हेमकळा म्हणाली, "ऐकलं." त्याहून जास्त ती कधी बोलली नाही. लेप आणि ऊन तिनं बेताबेतानं चालू ठेवलं. गालांवर रंग आला, गळ्यावर आला. डाग वर्षभर हलले नाहीत, तेव्हा शिंप्यानं मनगटावर रोपं लावली आणि तीही धरली. ओठाची कड आणि बोटं पांढरी राहिली ती राहिलीच. पुन्हा कुणाच्या अंगावर कोड उठलं की घरचे त्याला लगेच निळंबाकडे नेत, आणि ज्याला औषध नको असे तो तसाच बाजारात हिंडे. त्या राज्यात त्यानंतर मडकी फक्त पाण्यासाठी घडवली गेली.

पण आईच्या वाट्याला काय आलं? लग्नाचे चार दिवस. त्या चार दिवसांत हेमकळेला कळलं की केशरला कारलं आवडतं, झोपेत ती दात खाते, आणि अंधाराची तिला भीती वाटते. अंधाराला भ्यायचीस तेव्हा कुणाला हाक मारायचीस, असं विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं विचारलं नाही. तिनं मुलीला न्हाऊ घातलं, कमरेएवढे केस विंचरले, आणि मुद्दाम सावकाश विंचरले.

पाचव्या दिवशी पाठवणी निघाली. वेशीपाशी केशरनं पालखी थांबवली, खाली उतरली आणि आईच्या गळ्यात पडली.

"आई, मला अजून थोडे दिवस ठेवून घे ना गं."

"मुहूर्त टळतोय, बाळ," हेमकळा म्हणाली. तिनं तिचे डोळे पुसले, पदर सारखा केला आणि तिला पालखीत बसवलं.

पालखी उचलली गेली. हेमकळा वेशीत उभी राहून बघत होती, धूळ दिसत होती तोवर, आणि धूळ बसल्यावरही. राज्यावरचं अरिष्ट टळलं होतं, वेस सताड उघडी होती. येणाऱ्याला आता तिथं कुणी अडवणार नव्हतं, आणि जाणाऱ्यालाही.